इरकलीचा काठ

१६ ऑक्टोबर
अंगणात ऊन आलं तशी गोधडी पसरली. लेकीला, अश्विनीला सातवा लागलाय. बाळंतपण पुण्यातच करायचं ठरवलंय त्यांनी. पहिलटकरीण माहेरी येते हे आता कुणाला सांगायचं? असो. बाळाची गोधडी मात्र माझीच. खाली ह्यांचं जुनं धोतर, मधे सासूबाईंची दोन पातळं, वर माझ्या साड्यांचे चौकोन. हे शाळेतून निवृत्त झाल्यापासून ओट्यावर पेपर घेऊन बसतात. म्हणाले, "सगळं शिरूर पांघरायला घालतेस का?" म्हटलं, तुमचं धोतर आत गेलंय, आता गप बसा.

टाका झकास पडतोय. बारीक, जरा डावीकडं कललेला. सासूबाई म्हणायच्या, बाईचा टाका म्हणजे तिची चाल, लांबून ओळखू येते. गल्लीत माझा टाका ओळखतात. थोडा गर्व आहे, असू दे.

१७ ऑक्टो.
मागच्या आळीतली कौसा आली. उद्या ट्रक येणार, नवराबायको ऊसतोडीला कर्नाटकात. होळीनंतरच परत. हातात बोचकं.

"काकू, एवढं ठिवा. आईचं इरकली लुगडं हाय. घरात उंदरं लई झालेत, अन् फडावरल्या पाचटाच्या कोपीत न्यावं तर धुरानं वाटोळं व्हतंय."

तिची आई शेवंतामाय आषाढात गेली. म्हातारीचं एकच चांगलं लुगडं, सणावाराला नेसायची. कपाटात वरच्या फळीवर ठेवलं. थंडीला म्हणून कौसाला माझी एक जुनी गोधडी दिली. तिनं टाक्यांवरून हात फिरवला. "लई बारीक हाय तुमचा हात." मला दिवसभर बरं वाटलं.

२ नोव्हेंबर
रोज जेवणं झाली की दोन तास. मान दुखते, बोटाला भोकं, तरी उठवत नाही. भाजी करपली. ह्यांनी नुसतं ताटाकडं बघितलं.

७ नोव्हें.
काठ अडलाय. हिरव्यापिवळ्या चौकोनांना गडद लालच हवा. बाजारातलं नवं कापड कडक, बाळाला टोचेल. सगळी गाठोडी उपसली. दोनदा.

मग वरच्या फळीवरचं बोचकं काढलं. फक्त रंग बघायला. डाळिंबी काठ, धुऊन धुऊन मऊ झालेला. पाहिलं, परत बांधलं. गाठ कौसासारखी बसली नाही.

८ नोव्हें.
कापला. वीतभर. निऱ्यांत जाणारं टोक, दिसायचं नाही.
कात्री लागली असं लिहिणार होते. लागली नाही. मी लावली.

१३ नोव्हें.
वीतभरानं काय होतं. एक बाजू केली तर बाकीच्या तीन उघड्या दिसायला लागल्या. आज लुगड्याचा खालचा काठ अर्ध्याच्या वर गेला. जुनंच तर होतं, असं चारपाच वेळा मनात म्हटलं. खरं वाटलं असतं तर एकदा म्हणून भागलं असतं.

गोधडी मात्र अशी कधी झाली नव्हती. हेही लिहून ठेवते.

१९ नोव्हें.
आमच्या घरची रीत, गोधडीचा शेवटचा कोपरा उघडा ठेवायचा, आत भाकरीचा घास घालायचा आणि दुसऱ्या बाईच्या हातानं तो शिवायचा. म्हणजे पांघरणारा उपाशी राहत नाही. शेजारच्या नंदावहिनीला बोलावलं. शिवता शिवता थांबली.

"ताई, असा काठ शेवंतामायच्या लुगड्याला व्हता की."
मी म्हटलं, "इरकली सगळी सारखीच असतात."
"तेबी खरंच."

तिनं कोपरा शिवून टाकला. मी चहा टाकायला आत गेले आणि उगीच दोन भांडी घासली.

२० नोव्हें.
भावजयांच्या ग्रुपवर फोटो टाकला. बावीस अंगठे. कुणीतरी विचारलं, काठ कुठला? लिहिलं, घरातलाच. नंतर पुसणार होते, तेवढ्यात सगळ्यांनी वाचलं.

२७ डिसेंबर
नात झाली. दोघी सुखरूप. मी पुण्यात आहे. अश्विनीनं पहिल्याच दिवशी गोधडीत गुंडाळली. मऊ आहे गं, म्हणाली. मऊ कशानं आहे ते मला माहीत आहे. नात मांडीवर घेतली आणि काठाकडं बघायचं टाळलं. पहिल्या नातीच्या वेळी असं व्हावं.

६ जानेवारी
कालच पुण्याहून परतले. आज कौसाचा फोन. फडातून, वाऱ्याचा आवाज.

"काकू, लुगडं हाय न्हवं नीट?"
"आहे की."
"आमच्या लेकीला, सरीला दिवस गेलेत. चैतात मोकळी व्हईल. लेकरू पयलं आईच्या लुगड्यात घ्यायचं म्हनते मी. तेवढंच म्हातारीच्या मांडीवर गेल्यावानी."
"हो, घे की."
"तुमची गोधडी लई ऊबदार हाय, काकू. तीच पांघरतो आमी दोघं."

फोन ठेवला. नातीची गोष्ट तिला सांगितली नाही. तिनं अश्विनीचं विचारलं होतं, तरी.

९ जाने.
अश्विनीला फोन केला. म्हटलं, गोधडी जरा पाठव, एक टाका सुटलाय. म्हणाली, "आई, ती गोधडीशिवाय झोपत नाही गं. आणि कुठं सुटलाय? मला तर दिसत नाही." कारण सांगता आलं नाही. स्वतःच्या लेकीला. आणि आणून तरी काय, काठ उसवला तर सुईची भोकंच राहणार.

१ फेब्रुवारी
एक गोष्ट इथंही लिहिली नव्हती. लाल काठाचं इरकली माझ्याकडंही होतं. त्याच कपाटात, खालच्या फळीवर. माझ्या भावानं दिलेलं, चारदाच नेसलेलं. नोव्हेंबरात ते हातात घेतलं होतं. मोडवेना. म्हणून वर हात घातला.

स्वतःचं मोडवेना म्हणून दुसरीच्या मेलेल्या आईचं. वहीत लिहिलं तरी तोंड लपवावंसं वाटतंय.

४ फेब्रु.
आज माझं मोडलं. काठ काढला. जरा नवा दिसतो, म्हणून चार वेळा धुऊन उन्हात टाकला. ह्यांनी विचारलं, "भावाचं लुगडं का फाडलं?" जुनं झालं होतं, म्हटलं. हे चष्मा पुसत बसले.

१६ फेब्रु.
शेवंतामायच्या लुगड्याला काठ लावून झाला. बारा दिवस लागले. इतकं बारीक काम मी जन्मात केलं नाही. दहा हातांवरून कुणाला कळणार नाही. बघून बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचीच किळस आली. हे काम कशाला केलं, दुरुस्तीला की लपवायला? खरं तर लपवायला.

ठरवलंय. आली की सांगायचं. आधी सांगायचं, मग द्यायचं.

१८ मार्च
काल ट्रक आला. आज सकाळी कौसा. वाळून काळी पडलीय, बोटं चिरलेली. गुळाची ढेप आणली माझ्यासाठी. ह्यांनी ओट्यावरून विचारलं, "कसं काय, कौसा?" ती म्हणाली, "बरं हाय, गुरुजी."

सांगायचं होतं. आधी चहा दिला. मग नातीचा फोटो दाखवला, नुसता चेहरा, बोटानं खालचं झाकून. मग बोचकं दिलं. आधी-नंतरचं सगळं उलटं झालं.

तिनं तिथंच सोडलं. लुगडं नाकाला लावलं. मग मांडीवर पसरून काठावरून अंगठा नेत गेली, हळूहळू, एका टोकाकडून. एका जागी थांबली. परत मागं गेली. मी भिंतीकडं बघत होते.

"काकू, ह्यो टाका तुमचा हाय."

आवाज चढला नव्हता. म्हणाली, पाच महिने रोज तुमचीच गोधडी अंगावर व्हती, अंधारातबी हाताला कळतोय.

मी हो म्हटलं. आणि पुढं जे म्हणायचं होतं, महिनाभर घोकलेलं, त्यातलं एक वाक्य आलं, "नातीसाठी घेतला." माफ कर हे आलंच नाही.

तिनं घडी घातली. तिची गाठ बांधली. "सरी वाट बघत आसंल," म्हणाली. गूळ ओट्यावर तसाच राहिला.

१९ मार्च
नंदावहिनी सांगून गेली, सरीला कळा लवकर सुरू झाल्या, दवाखान्यात नेलंय. कौसा तिच्याबरोबर. लुगडं नेलं का, हे विचारायची हिंमत झाली नाही.

२० मार्च
सकाळी दार उघडलं तर ओट्यावर गोधडी. कौसा पहाटे दवाखान्यातून घरी येऊन गेली असणार. माझी, कौसाला दिलेली. धुतलेली, उन्हात वाळवलेली, चौघडी घातलेली. एका बाजूला फाटली होती तिथं तिनं शिवलंय. मोठा, सरळ टाका. नीट.

हे म्हणाले, आत घे, कुत्रं बसेल. मी म्हटलं, असू दे जरा. आत घेतली तर ती परत केली आणि मी परत घेतली, असं होईल. तिच्याकडं नेऊन द्यावी तर काय तोंडानं. दवाखान्यात आज एक लेकरू कशात तरी गुंडाळलं जाईल, किंवा गुंडाळून झालंही असेल.

दुपारपर्यंत दोनदा चपला घातल्या, दोनदा काढल्या. गोधडी ओट्यावरच आहे. तिच्यावर ऊन आलंय, मी जागा बदलून सावलीत सरकवली.