बरगड्या उघड्या का राहतात

लातूर,
८ डिसेंबर २०१४

प्रिय मल्लू,

आशीर्वाद आधीच घेऊन टाक, पुढे बोलणी आहेत.

इकडे सगळे ठीक. अप्पांचा गुडघा थंडीने कुरकुरतो, पण गावातलं दुकान सोडून माझ्याकडे यायचं नाव काढत नाहीत. माझ्या शाळेत खेळाचा तास फिजिक्सवाल्या सरांनी गिळला. मैदानावर आता क्लासच्या पोरांच्या सायकली लागतात आणि मी, खेळाची शिक्षिका, त्या ओळीत लावून घेते. घरात मुखेडच्या दोन पोरी भाड्याने राहतात. दोघींना डॉक्टर व्हायचंय आणि दोघींना माझं वरण अळणी लागतं.

फोनवर तू नुसतं "हाव अक्का, हाव अक्का" करतोस आणि ठेवून देतोस. म्हणून हे पत्र. ते तुला मध्येच कापता येणार नाही.

"खरं सांग, माझं काय चुकलं?" असं तू विचारलंस. तुझ्या हातात पहिले ग्लोव्हज मीच चढवले, तेव्हा सांगायचा हक्कही माझाच. पुण्याच्या बॉक्सिंग लढतीचा व्हिडिओ पोरींच्या लॅपटॉपवर पाहिला. आवाज बंद करून पाहिला, कारण तो समालोचक लिलाव पुकारल्यासारखा ओरडतो.

सुरुवातीच्या फेऱ्या तुझ्याच होत्या. पण जॅबचा सरळ ठोसा मारल्यावर तुझा डावा हात हनुवटीपाशी परत येत नाही, कमरेशी रेंगाळतो. शाळेत होतास तेव्हापासून हे सांगून माझी जीभ झिजली. काखेत रुमाल धर आणि जॅब मार. रुमाल पडला की पहिल्यापासून. दुसरं, मागे सरताना तू सरळ मागे जातोस आणि पाठ दोरांना लागते. बाजूला निघायला शीक. आणि मारताना श्वास कोंडतोस, त्यामुळे दम लवकर संपतो. तुझ्या पायांत मात्र काही खोट नाही, इतके हलके पाय मी दुसऱ्या कुणाचे पाहिले नाहीत. हे सगळं महिना-दोन महिन्यांत दुरुस्त होतं.

पण लढत यातल्या कशामुळे गेली नाही.

चौथ्या फेरीत समोरच्या पोराने पुढचा पाय रिंगच्या फळ्यांवर दणकन आपटला. नुसती हूल होती, ठोसा आलाच नव्हता. फळ्या हादरल्या आणि तुझे दोन्ही हात वर गेले. हनुवटीपाशी नव्हे, पार टाळूवर. बरगड्या उघड्या पडल्या आणि त्याने उजव्या बरगडीखाली हुकचा आडवा ठोसा घातला. मग त्या पोराला गंमतच सापडली. पाय आपटायचा, तुझे हात वर जाताना बघायचे आणि खाली मारायचा. सहाव्या फेरीत तू गुडघ्यावर बसलास, तेव्हाही हात डोक्यावरच होते. तो भाग मी एकदाच पाहिला. पुन्हा पाहवला नाही.

तुझे कोच राघवेंद्र सर सगळ्यांसमोर म्हणाले, "तू डरपोक आहेस, ठोसा यायच्या आधीच डोकं लपवतोस." आणि तुला ते पटलं. म्हणून आता खेळ सोडतोस, लातूरला येतोस, त्या कोचिंग क्लासच्या होस्टेलवर रेक्टर होतोस. मल्लू, नोकरी वाईट नाही. कंटाळा आला असेल, अंग दुखत असेल, तर उद्या ये. जिलेबी आणून ठेवते. पण भित्रा म्हणून येणार असशील तर मला ते सहन होणार नाही. स्वतःला तसं समजून आलास, तर इथे माझ्या डोळ्यांदेखत तू जन्मभर मान खाली घालून वावरशील.

यापुढचं लिहायचं म्हणून मी उठून चहा केला. मग नसलेली भांडीही घासली. आता बसते.

रविवारी गावी गेले होते. अप्पांनी मोबाईलवर लढत आधीच पाहिली होती. मला वाटलं, हरल्याचं बोलतील. ते दुकानाच्या पायरीवर बसून म्हणाले, "तेचे हात बघितलीस का गं?"

मी म्हटलं, "बघितले."

"मंग सांग आता तेला. मीच नगं म्हनलो व्हतो. लेकराला काय आठवंना, बरं हाय म्हनून." मग ते आत जाऊन गिऱ्हाइकाला साखर मोजू लागले. माझ्याकडे परत पाहिलं नाही.

तर ऐक. भूकंपातलं तुला काहीच आठवत नाही, तू झोपलेला सापडलास, असं आम्ही तुला सांगत आलो. तू झोपलेला नव्हतास. तेव्हा तू जेमतेम तीन वर्षांचा होतास. अप्पा शेतात राखणीला होते. घरात अव्वा, तू आणि मी. दगडमातीच्या भिंती, वर मातीचं जड माळवद, सगळं अंगावर आलं. मी कणगीच्या आडोशाला अडकले. तुम्ही दोघं पलीकडे, दिसत नव्हतात, पण आवाज येत होता. तू रडत होतास. अव्वा म्हणाली, "मल्लू, दोनी हात डोस्क्यावर ठिव. मी सांगूस्तोवर काढू नगंस." पुन्हा जमीन हलायची, वरून माती सुटायची आणि ती पुन्हा तेच सांगायची. आवाज अगदी रोजचा, तुला न्हाऊ घालताना असायचा तसा. मग तिचा आवाज यायचा थांबला.

उजाडल्यावर अप्पांनी आणि गावकऱ्यांनी दगड उपसले. आधी मी निघाले, मग तू. तुझ्या बोटांची सालटं निघाली होती, डोक्याला मात्र साधं खरचटलंही नव्हतं. तू हात काढायला तयार नव्हतास. अप्पांनी ओढायला पाहिलं तर त्यांना कडकडून चावलास. अव्वाने अजून सांगितलं नव्हतं ना.

सरांना मी दोष देत नाही. त्यांना फळ्या दिसल्या, हात दिसले, त्यांना हे कसं कळावं? पण मला कळतं आणि अप्पांना कळतं. पायाखालची जमीन हलली की तू आईचं ऐकतोस. एवढ्या वर्षांत एकदाही तिचा शब्द मोडला नाहीस. तुझ्याइतकं तिचं ऐकणारं आपल्या घरात कुणी नव्हतं, मी तर नव्हतेच. तू डरपोक असतास तर त्या ढिगाऱ्याखाली तेवढा वेळ हात तसेच धरून राहिला असतास का रे?

पुढे लढायचं की इकडे यायचं, ते तुझं तू ठरव. दोन्हींत मी तुझ्या बाजूने आहे. शनिवारच्या गाडीने मी पुण्याला येते. सरांशी बोलेन, भांडणार नाही. मग तू रिंगमध्ये उभा राहा, मी त्या फळ्यांवर पाय आपटत राहीन, तुला कंटाळा येईपर्यंत.

आणि अव्वाचं एक सांगायचं राहून गेलं होतं. ते तिच्या वतीने मी सांगते.

मल्लू, काढ आता हात.

तिची थोरली आणि तुझी अक्का,
महानंदा