छर्रे आणि आमेन

विंडसर,
८ सप्टेंबर २०२४

चि. युजीन यास,
ज्युडिथताईचे अ. उ. आ.

ख्रिस्तकृपेने आम्ही इकडे सुखरूप आहोत. तुझं काही कळत नाही म्हणून हा कागद.

तू म्हणशील, ताईला वेड लागलं, आजच्या दिवसांत पोस्टाचं तिकीट चिकटवत बसली. पण फोन केला तर तू उचलत नाहीस आणि मेसेज केला तर नुसता अंगठा पाठवतोस. आई म्हणाली, त्याला कागद लिही, कागदाला माणूस उत्तर देतो.

ईस्टरपासून तू रविवारचा फोन केलेला नाहीस. वसईला रात्रीची रोझरीची माळ जपून संपली की आपण दोघं आईपुढे गुडघे टेकून आशीर्वाद मागायचो, ते आठवतं ना? तिचा आशीर्वाद कधी लवकर संपलाय का! आधी सगळे संत, मग घरातले सगळे मेलेले, मग वाडीतल्या केळी आणि विहीर. तू अर्ध्यातच आमेन म्हणून अंगणात पळायचास आणि बोलणी मी खायची. तू मॅनिटोबात गेल्यापासून हेच फोनवर चालायचं, आणि फोनवरही तुझं आमेन आईच्या अर्ध्या वाक्यावरच पडायचं. आता तेवढंही नाही. रविवारी रोझरी झाली की आई फोन मांडीवर घेऊन बसते. मी जेवायला हाक मारली तरी उठत नाही.

तिची समजूत झालीय की तू तिच्यावर रागावला आहेस. मी तिला इथे ठेवून घेतलं, तुझ्याकडे पाठवलं नाही, म्हणून. शिवाय ईस्टरला तिने रोझामावशी गेल्याचं सांगितलं आणि तू हसलास, तेही तिने मनात धरलंय. मी तिची समजूत घालते, पण खरं सांगू, मलाही ते लागलं. मावशीने तुला अंगाखांद्यावर खेळवलंय रे.

आईचं हृदय आता थकलंय. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हा हिवाळा निघेलच असं धरून चालू नका. तुझा आवाज ऐकल्याशिवाय ती गेली, तर मला तुझ्याकडे बघवणार नाही.

काय बिनसलंय ते लिही. राग असला तर रागही लिही. आपल्या दोघांत लोभाला खंड पडू नये एवढंच मागणं.

तुझी,
ज्युडिथताई


विनिपेग,
२२ सप्टेंबर २०२४

ती. ज्युडिथताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा कागद मिळाला. मी कुणावर रागावलेलो नाही. मला ऐकू येत नाही.

मावशीचं तू नंतर मेसेज केलंस तेव्हा कळलं. फोनवर आई बोलते ते मला चाळणीवरून गहू पडावा तसं ऐकू येतं, नुसती सळसळ. त्या दिवशी ईस्टरच्या जेवणाचं काहीतरी सांगत असेल असं धरून मी हसलो. कळल्यावर माझी मलाच इतकी लाज वाटली, की पुन्हा फोन लावायचा धीरच झाला नाही.

कान कशाने गेले ते सांगतो. आमची बियाणं साफ करायची शेड तू पाहिली आहेस, चहूबाजूंनी आणि वर पत्रा. तुळयांवर पारवे बसतात. साफ केलेल्या बियाण्यात त्यांची घाण सापडली की सगळा ट्रक परत येतो. विष घालायचं तर ते बियाण्यात जाईल, नाहीतर शेडच्या मांजरी मरतील. साधी गोळी झाडली तर पत्र्याला भोक पडून पाणी आत. म्हणून आमचा मालक वॉल्टर छोट्या बंदुकीची छऱ्यांची काडतुसं आणतो. काडतूस करंगळीच्या पेराएवढं, पेन्सिलीपेक्षा बारीक, आणि आत राजगिऱ्याएवढे छर्रे. जवळच्या पारव्याला पुरतात, पुढे त्यांचा जोर संपतो. पत्र्यावर आपटून खाली सांडतात, म्हणून आधी बियाण्यावर ताडपत्री ओढायची. मी रीतसर कोर्स केला, लायसन्स घेतलं आणि इतकी वर्षं हे काम माझ्याकडेच राहिलं.

कानांवर लावायचे मफही दिलेले होते. ते माझ्या गळ्यातच असायचे. बंदुकीला गाल टेकला की उजवा सरकायचा, हे एक. पण खरं कारण वेगळं. वर तुळयांत अंधार, दिसत काही नाही. पारवा मी कानाने शोधायचो. पत्र्यावर नख घासलं, पंख जरासा हलला, की मला कोपरा कळायचा. बाबांनी व्हायोलिन शिकवताना तार जराशी उतरली तरी माझ्या डोक्यात टपली मारून जो कान तयार केला, तो मी तिथे वापरला. युजीनला पारवे ऐकू येतात, असं वॉल्टर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा आणि मी फुशारून जायचो. एवढंसं काडतूस, आपल्याकडच्या लग्नातला फटाका याहून मोठा वाजतो, असं वाटायचं. पण बंद पत्र्यात आवाज जाणार कुठे? सगळा माझ्याच कानात गेला.

डावा पार गेलाय. उजव्याला मशीन लावलंय. समोरचा माणूस हळू बोलला तर ओठांवरून आणि मशीनवरून जुळवून घेतो. फोनवर काही उपयोग नाही. बोलणं अक्षरांत उमटवायची सोय मोबाइलमध्ये आहे म्हणे, पण तिला आईची वसईची बोली कुठली येणार! चर्चच्या गायनमंडळातही जात नाही. डोक्यात सारखे रातकिडे ओरडतात, बाहेर बर्फ असला तरी.

एवढं आईला सांगू नकोस. पारवा म्हणजे पवित्र आत्म्याचा पक्षी, त्याचाच शाप लागला, असं तिच्या मनात येईल. एकटा असलो की मलाही कधी कधी तसंच वाटतं, ताई. मग झोप लागत नाही.

आईला माझा नमस्कार सांग, कारण काहीही सांग. धाकट्यावर माया आहे ती तशीच राहू दे.

तुझा,
युजीन


विंडसर,
१ ऑक्टोबर २०२४

चि. युजीन यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी बेसमेंटमध्ये जाऊन पोटभर रडले. कपडे धुवायचं मशीन लावलं होतं, म्हणून वर कुणाला कळलं नाही. मग वर आले आणि आईला सगळं सांगून टाकलं. तू नको म्हणाला होतास, पण तू रागावला आहेस या समजुतीने ती रोज झिजत होती. खरं त्यापेक्षा बरं.

आधी तिने विचारलं, कान दुखतात का त्याचे? नाही म्हटल्यावर डोळे पुसले. शापाचं मी भीतभीतच काढलं. तर मलाच म्हणाली, बाळ येशूला मंदिरात नेलं तेव्हा गरिबाने बळी द्यायची पारव्यांची जोडी मरियाबाईने पण दिली होती. पोटासाठी केलेल्या कामाचा देव शाप देत नाही. पण बापाने घडवलेला कान उघडा टाकला, म्हणून त्याला चार शब्द सुनावणार आहे, हे त्याला लिही. लिहिलं. हे तुझे चार शब्द.

मग तिने क्लॅरिसाकडून कागद आणि पेन्सिल मागवली. आमची लेक मला इंग्रजीतच उत्तरं देते, पण आजीचा हात कागदावर धरून तिने तो असा जपून गिरवला, की मी बघत राहिले. सोबत पाठवला आहे. दोन बोटं वाकडी आलीत, ती पेन्सिलीची चूक नाही, संधिवाताची आहे. आई म्हणते, आशीर्वाद काय कानावर देतात का? डोक्यावर देतात. हा डोक्यावर ठेव.

आणि आता माझं ऐक. म्हणजे वाच. तुला ऐकू येत नाही, पण आईला येतं. इतकी साधी गोष्ट तुझ्याही ध्यानात आली नाही आणि माझ्याही. तू फोन कर. तू बोल. तिचं तुला कळलं नाही तरी चालेल, तुझं तिला कळेल.

हा रोझरीचाच महिना आहे, जास्त वाट पाहायला लावू नकोस. थंडी सुरू झाली असेल, मशीनचा कान टोपीखाली झाकून ठेव. आमच्या मनात तुझी जागा आहे तिथेच आहे.

तुझी,
ज्युडिथताई


विनिपेग,
१२ ऑक्टोबर २०२४

ती. ज्युडिथताईस,
शि. सा. न. वि. वि.

आईचा हात पोचला. पाकीट शेडमध्येच फोडलं आणि टोपी काढून तो डोक्यावर ठेवला. वॉल्टरने पाहिलं. नंतर मी त्याला सावकाश सगळं सांगितलं. त्या दिवशी काडतुसांचा डबा कपाटात गेला तो गेलाच. आता आम्ही छपराच्या फटी बुजवतो आहोत आणि तुळयांखाली जाळी ताणतो आहोत. हे आधीही करता आलं असतं. पण आमच्याकडे माझा कान होता, जाळीची आठवण कुणाला व्हायची!

वीस तारखेच्या रविवारी तुमची रोझरी संपायच्या वेळेला फोन करतो. एकच अडचण आहे, आणि तू हसणार. आमेन म्हणायचं केव्हा? आशीर्वादाचा शेवट मी आयुष्यात कधी ऐकलेलाच नाही. केळी आणि विहिरीच्या पुढे काय असतं ते मला माहीत नाही. तेव्हा मी हात डोक्यावर ठेवून थांबून राहीन, पुरेसं वाटलं की म्हणेन. आईला सांगून ठेव, नाहीतर फोन कट झाला असं समजून ती ठेवून द्यायची.

मायेत कमी करू नये, ही विनंती आहेच.

तुझा,
युजीन


विंडसर,
२१ ऑक्टोबर २०२४

चि. युजीन यास,
अ. उ. आ.

काल तू काय बोललास ते तुला माहीत आहे. इकडे काय झालं ते तुला कळलेलं नाही, म्हणून लिहिते.

आईने सकाळीच ठेवणीतली साडी नेसली होती. फोन वाजला तेव्हा तिने मला हात लावू दिला नाही. तुझा आवाज मोठा झालाय रे, तू ओरडून बोलतोस, क्लॅरिसा वरच्या खोलीतून धावत आली. आई, आशीर्वाद दे, असं तू म्हणालास आणि आईचा हात आपोआप वर उठला. समोर तुझं डोकं नव्हतं, तरी तिने तो तसाच हवेत धरला.

मग तिने सुरुवात केली. सगळे संत झाले. बाबा, रोझामावशी, आजी, एकेक करून सगळे मेलेले झाले. केळी झाल्या, विहीर झाली. दम लागत होता, तरी थांबली नाही. मी आपली धास्तावलेली, आता तू मध्येच आमेन म्हणणार. तू म्हणाला नाहीस. विहिरीनंतर जिवंत माणसं येतात, थोरापासून धाकट्यापर्यंत. मी, माझे यजमान, क्लॅरिसा. आणि सगळ्यात शेवटी तू. हे मला कायम माहीत होतं, तुला सांगायचं कधी सुचलं नाही. लहानपणापासून तू दर वेळी आपलं नाव यायच्या आधीच पळालास.

तुझं नाव घेऊन तिने संपवलं आणि हात खाली घेतला. तुझ्याकडून काहीच नाही. मी पुढे होऊन फोन बघायला गेले, तर आईने मला बोटाने गप्प केलं. आम्ही तिघी तशाच उभ्या. बऱ्याच वेळाने तुझं आमेन आलं, सावकाश, चर्चमध्ये म्हणतात तसं.

आईने फोन पदराने पुसून खाली ठेवला. मला म्हणाली, "पहिल्यांदाच पूर्ण ऐकून घेतलं यानं."

पुढच्या रविवारी वाट पाहतो. मायेने विचारपूस करीत जा, आम्ही आहोतच.

तुझी,
ज्युडिथताई