एकतिसाव्या झाडाची नोंद

सातारा,
गुरुवार, ता. १८ मे १९४४

चि. सौ. विजयमाला हिस,

लालासाहेबचे आशीर्वाद. वडूजला तात्यांचा दमा कमी आहे. आईने तुझ्यासाठी कुरडया राखून ठेवल्या आहेत.

हे पत्र टपालात टाकत नाही. हिरड्याचे व्यापारी पीरमहंमद दुपारच्या गाडीने सांगलीला निघत आहेत. ते तुझ्याच हातात देतील.

तुझ्या यजमानांचे, मानसिंगरावांचे, तुला कळले असेलच. इथल्या दवाखान्यात पोलिसांच्या पहाऱ्यात आहेत. मांडीतली गोळी काढली. ताप उतरत नाही. मला भेटू दिले नाही. तिथला ओळखीचा माणूस म्हणतो, पाय राहील. त्यापुढे तो बोलत नाही.

माझे काम थांबले आहे. तुला ते कधी नीट सांगितले नव्हते. शाळा सांभाळून मी युनिव्हर्सिटीसाठी अर्धवेळ संशोधन करतो. कोयनेकडच्या राखीव जंगलात हिरड्याच्या चाळीस झाडांवर मी डांबराने नंबर घातले. फुले उमलण्याआधी त्यांवर मलमलीची पिशवी बांधायची, म्हणजे किडा-माशी आत जात नाही. मग काही फुलांना त्याच झाडाचे पराग लावायचे, काहींना दुसऱ्या झाडाचे, आणि फळ कुठे धरते ते मोजायचे. झाडावर जोतिबा चढतो. त्याची बायको राहीबाई खालून पिशव्या देते.

पहिल्या दिवशी जोतिबा म्हणाला, "मास्तर, पिशवीत फुलाचा जीव गुदमरत न्हाई व्हय?"

"तुमी चढा आदी," राहीबाई म्हणाली. "फुलाची काळजी मास्तरांस्नी हाय."

राहीबाई आत्ता बाहेर ओट्यावर बसली आहे. दोन दिवस चालत आली.

"आमच्या मालकांस्नी सोमवारी न्हेलं," म्हणाली.

"पोलिसांनी?"

"पोलिसांनी न्हेलं आस्तं तर तुमच्याकडं आले आस्ते व्हय? आपल्याच लोकांनी न्हेलं. म्हणत्यात, भाकरी तू पोचवत हुतास, जागा तुलाच ठावं, पोलिसांस्नी तूच दावलीस. शनवारी निवाडा हाय. मास्तर, तुमची भन सांगलीत हाय, तिचं ऐकत्यात. दोन वळी लिवा."

लिहितो म्हणालो. हे ते पत्र.

विजू, तुझ्या घरातून भूमिगतांचे निरोप जातात हे मला माहीत आहे. फितुराचे काय करतात ते तू माझ्याहून जास्त जाणतेस.

सोळा एप्रिलला मानसिंगराव मला एकतिसाव्या झाडाखाली भेटले. मी एकटाच होतो. मागच्या कपारीत चूल होती, तीन घोंगडी होती. माझी पिशवी सोडून ते तिने पाणी गाळत होते.

"काय पावणं, झाडांची लगनं लावताय म्हणं?"

मी सांगितले की एकाच झाडाची फुले एकमेकांना लावली तर फळ धरत नाही, असे दिसते.

"मंजे भावकीत सोयरीक न्हाई. आमच्यावानीच की!"

बरोबरचे दोघे हसले. मीही हसलो.

तासभर बोलणे झाले. गावोगावच्या सभा, काडतुसे, कोण धरला गेला, कोण सुटला. तुझे नाव निघाले नाही. शेवटी मीच म्हणालो, बाळ गेल्यापासून विजू अंथरुणावर आहे.

"कळलं मला," म्हणाले, आणि दुसरी पिशवी सोडायला हात वर केला.

तीस तारखेला मी महिन्याचा अहवाल लिहिला. त्यात असे आहे: 'झाड क्र. ३१. पिशव्या माणसांनी काढल्या. मागे कपारीत चूल, तीन-चार माणसांचा वावर. निरीक्षण बाद.'

अहवालाची एक प्रत प्रोफेसरांकडे जाते. दुसरी जंगल खात्याकडे. परवान्याची अटच तशी आहे.

मी आहे तेच लिहिले, असे स्वतःला आठ दिवस सांगितले. मग आठ मेला त्याच कपारीवर पोलिसांचा गोळीबार झाला. बाराव्या झाडाची पिशवी राहीबाईने दूध गाळायला नेली होती. तिथे मी लिहिले आहे, 'वाऱ्याने गेली.' एकतिसाव्यालाही तेच लिहिता आले असते. टाक हातात धरून मी बसलो होतो. शाई वाळली. पुन्हा बुडवला आणि लिहिले.

मला मानसिंगरावांचा राग आला होता. धरले जावेत, कुठेतरी एका जागी बसावेत, तुला त्यांना बघता यावे, असे काहीतरी मनात होते. गोळीचे मनात नव्हते. पण कागद कुठे जातो ते ठाऊक होते.

जोतिबाने काही केलेले नाही. पत्र उद्या तुझ्याकडे पोचेल. शनिवारच्या आत निवाडा करणाऱ्यांकडे पाठव. जाळू नकोस. तोंडी निरोप देऊ नकोस. म्हणतील, गरिबाला सोडवायला मास्तर आळ स्वतःवर घेतो आहे. पत्रच त्यांच्या हातात दे. अहवालाची माझी प्रत सोबत आहे. अक्षर जुळेल.

मला वाचवायचे तुझ्या मनात येईल. तू तशी आहेस. तेव्हा राहीबाईचा विचार कर. ती तुझ्याच वयाची आहे.

तिला अजून काही सांगितलेले नाही. पाकीट चिकटवले की बाहेर जाऊन सांगणार आहे.

मी कुठे जाणार नाही. त्यांना शोधावे लागू नये म्हणून खाली पूर्ण नाव आणि पत्ता लिहितो.

लालासाहेब ज्ञानू फडतरे
मंगळवार पेठ, सातारा
विहिरीसमोरचे घर, जिन्यावरची दुसरी खोली
दिवसभर असतो.