कुंपणाकडचं हिरवं झाड

शनिवार, संध्याकाळ. बेलापूर.

विळीवरचा तो कट्-कट् आवाज कानातून जात नाही.

तळवलीच्या वाफ्यात भेंडी हळद्या रोगाने पिवळी पडली होती. रोग न लागणारं एखादं झाड सापडलं, तर त्याच्या बियांपासून नवं वाण करायचं, यासाठीच दर हंगामाला लावतो. काल कंटाळून, न बघताच, वाफा राखणाऱ्या नर्मदावहिनींना फोनवर म्हटलं, "सगळं उपटून टाका."

आज गेलो तर त्या भेंडी चिरत होत्या. म्हटलं, "आवाजावरून कोवळी वाटते. बाजारातली?"

"बाजारची कशाला, भाऊ? आपलीच हाय. कुंपणाकडं एकच झाड हिरवंगार होतं. भेंड्या काढल्या, मंग झाड उपटून शेळीला घातलं. तुमीच बोललात ना, सगळं?"

मीच. बियाण्याच्या धंद्यात एवढी वर्षं काढून एक चक्कर मारायचा आळस केला? कोवळ्या भेंडीतलं बी उगवतं थोडंच?

तरी जेवताना एकेक फोड उलटून जून बी शोधत होतो.

"काय बघताय? अळीबिळी निघाली का काय?"

"छे, फार छान झालीय, वहिनी," म्हटलं आणि आणखी वाढून घेतली.