वहिनी, तो कॉलम मी काढला

प्रिय वहिनी,

तू गेलीस तेव्हा शोकसभेत सगळे उठून बोलले, मी खुर्चीला चिकटून बसले. "विजूला फार लागलंय," असं दादा लोकांना सांगत होता. लागलं होतं, पण त्याहून जास्त राग आला होता. 'सदा हसतमुख शिक्षिका' म्हणे! तू आणि हसतमुख? तुझ्या एका नजरेने अख्खी चौथी गप्प व्हायची.

आठ महिने तुला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितेय, कारण उद्या सोमवार आहे आणि उद्या तुझ्या शाळेतली वाचनाची खोली बंद होणार आहे. ती बंद करायचं हत्यार मी घडवलंय. मीच.

आठवतं, निवृत्त होऊन तू आणि दादा नोएडाला राहायला आलात तेव्हा? आपल्या वयाच्या बायका भजनी मंडळ शोधतात. तू सेक्टरमागची ती शाळा शोधलीस आणि फुकट शिकवायला लागलीस. मी दिल्लीतलं लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडून तुमच्या खालच्या मजल्यावर आले, तोवर तुझी ती खोली चालू झालेली होती. तीन चटया, एक कपाट, एक वही.

तुझी पद्धत मला हास्यास्पद वाटायची, वहिनी. मुलाचं वाचून झालं की तू पुस्तक मिटायचीस आणि तीनच प्रश्न विचारायचीस. कोणाचं काय झालं? का झालं? आता पुढे काय होईल? मूल जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत वहीत. शनिवारी ती वही घेऊन बसायचीस आणि सोमवारच्या चटया ठरवायचीस. गोष्टीतली माणसंच हरवणारी मुलं एका चटईवर, 'का'पाशी अडणारी दुसऱ्या, पुढचं न सुचणारी तिसऱ्या. प्रत्येक चटईला वेगळा धडा. पंधरा दिवसांनी पुन्हा प्रश्न, पुन्हा चटयांची अदलाबदल. "नेमकं अडलंय कुठे ते कळलं, की अर्धं शिकवून झालं," म्हणायचीस.

आणि मी काय म्हटलं? मी, जिने केंद्र सरकारच्या कचेरीत उभा जन्म तक्ते बनवण्यात घालवला! शाळेला मुलांच्या प्रगतीचा अहवाल कॉम्प्युटरवर हवा होता. तुझ्या डायनिंग टेबलावर मी लॅपटॉप उघडला, तुझी वही चाळली आणि म्हटलं, "वहिनी, रिमार्क्स म्हणजे डेटा नव्हे. मोजता येत नाही, वर कोणी वाचत नाही. हा कॉलम काढून टाक." मग मी मिनिटाला किती शब्द वाचले आणि किती चुका झाल्या, एवढंच ठेवलं. ठरलेल्या आकड्याच्या वर मूल गेलं की चौकट आपोआप हिरवी. त्या हिरव्या रंगाचा मला केवढा अभिमान!

तू चष्मा काढून पुसत म्हणालीस, "विजू, हिरवं झालेलं मूल मला दिसेनासं होईल गं."

"ओह, डोन्ट बी ड्रामॅटिक," मी म्हटलं.

का ऐकलंस माझं? आमटीत गूळ किती, यावर माझ्या आईला तू चाळीस वर्षं जुमानलं नाहीस. माझ्यापुढेच कशी नमलीस? मी कॉन्व्हेंटची, फाडफाड इंग्रजी बोलणारी, म्हणून? हा राग माझा तुझ्यावर आहे, सांगून ठेवते.

आता गुरुवारचं ऐक. आपल्या दोघींकडे पोळ्या करणारी सुनीता तिच्या मुलीला, काजलला, घेऊन आली होती, शाळेला सुट्टी होती म्हणून. काजल आता तुझ्या शाळेत चौथीत आहे. सुनीताच्या सासूला रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्यात. सुनीताला वाचता येत नाही आणि दिवसभर ती कामावर, तेव्हा आजीला गोळी द्यायचं काम काजलचं. दवाखान्यातून मिळालेला छापील कागद तिने मला वाचून दाखवला. "दिन में एक गोली, खाना खाने के बाद। चक्कर आए तो गोली रोक दें और डॉक्टर को दिखाएँ।" बातम्या देणाऱ्या बाईसारखं! एक अडखळ नाही.

"सुना आंटीजी? सटासट!" सुनीता लाटता लाटता म्हणाली. "हमारी काजल तो हरे में है."

का कोण जाणे, मला तुझी आठवण झाली. मी कागद उलटा ठेवला. "अच्छा काजल, दादी को चक्कर आए तो क्या करोगी?"

"गोली दूँगी."

"कौन-सी गोली?"

"यही वाली. कल आया था ना चक्कर, तो मैंने एक और दे दी. आज सुबह भी." आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून, "लिखा तो है आंटीजी. चक्कर, फिर गोली."

सुनीताचं लाटणं थांबलं. तिने गॅस बंद केला आणि आम्ही तिघी तिच्या घराकडे धावलो.

आजी खाटेवर डोळे मिटून पडली होती. हाक मारली तर ओ द्यायची, पण शब्द जड येत होते. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं आणि सुनीताला म्हणाले, "एक दिन और रुकते तो मेरे पास आने की ज़रूरत ही न पड़ती." वाचली म्हातारी. या वेळी.

पण वहिनी, मला झोंबलं ते निराळंच. त्या रिक्षात, आजीचं डोकं मांडीवर घेऊन, काजल बाहेरच्या पाट्या वाचत होती. सवयीने. औषधाचं दुकान, रक्त तपासणी केंद्र, पुढे रस्ता बंद. एकही चूक नाही.

तो आवाज मी ओळखते. माझाच आहे. तू लग्न होऊन आलीस त्या वर्षी मला कॉन्व्हेंटमध्ये वाचनाचं पहिलं बक्षीस मिळालं होतं. बर्फातल्या हरिणाचा तो इंग्रजी उतारा. सिस्टरने मला मिठी मारली होती. घरी आल्यावर ओट्याशी भाजी चिरत तू विचारलंस, "ते हरीण शेवटी मरतं का गं?" मला माहीतच नव्हतं! उतारा मला तोंडपाठ होता आणि मरण आलेलं मला कळलं नव्हतं. तू हसली नाहीस. "एवढं गोड वाचलंस," म्हणालीस, "म्हणून कोणी विचारलंच नाही." नंतर महिनाभर तू रोज माझ्याकडून एक पान वाचून घेतलंस आणि पुस्तक मिटलंस. आणि मीच तुझा तो कॉलम काढला.

शुक्रवारी शाळेत गेले. व्हरांड्यात माझा तक्ता फ्रेम करून लावलाय. पूर्ण चौथी हिरवी. हिरवळच म्हण ना! हेडमॅडमनी चहा मागवला. "देखिए मैम, एक भी बच्चा पीछे नहीं. अब रीडिंग रूम की ज़रूरत ही क्या?" खोलीत मुलांच्या टॅबलेट-संगणकांचं कपाट जाणार. तिथेच कळलं, चाचणीचा उतारा वर्षभर तोच आहे. मुलं रांगेत उभी राहून पुढच्याचं ऐकतात आणि आपली पाळी येईतो पाठ करतात.

मी काजलचं सगळं सांगितलं. त्या मन लावून ऐकत होत्या, खोटं कशाला बोलू. मग हळूच म्हणाल्या, "लेकिन मैम, शीट तो आप ही की है. हमने तो बस भरी है."

मी चहा तसाच टाकून उठले. तू असतीस तर मजा बघितली असतीस.

घरी येऊन दादाकडे तुझी शेवटची वही मागितली. तो कपाटातून काढून घेऊन आला. कॉलम मी काढला होता, पण तू लिहायचं थांबली नव्हतीस, होय ना? काजल तिसरीत असतानाची नोंद आहे. 'सुंदर वाचते. का, असं विचारलं की माझ्या तोंडाकडे बघते. हिला हिरवं करू नये.' तिच्याखाली आणखी नावं आहेत, वहिनी. पुढच्या पानावरही आहेत. सगळी आज त्या फ्रेममध्ये हिरवी आहेत. सगळी घरी कोणाला ना कोणाला काहीतरी वाचून दाखवत असतील.

पानाच्या तळाशी तू लिहिलंयस, 'विजूला सांगायचं.' खाली दोन रेघा.

हॉस्पिटलमध्ये तू दोनदा म्हणालीस, "त्या हिरव्या पोरी..." आणि मी नर्सला म्हटलं, गुंगीत बोलतायत. तू सांगितलंस गं. मला ऐकू आलं, कळलं नाही.

काल पुन्हा हेडमॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, सोमवारी दुपारी कपाट येणार, तोवर खोली तुमची. ठीक आहे. उद्या सकाळी साडेसातला मी तिथे असेन, दुखऱ्या गुडघ्यांसकट चटईवर. पाठ नसलेला नवा उतारा, तुझी वही. एकेक हिरवं मूल समोर बसवीन, वाचून झालं की पुस्तक मिटीन आणि जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत लिहीन. ते गप्प राहिले तर गप्प राहिले असं लिहीन. दुपारी ती पानं हेडमॅडमच्या टेबलावर ठेवीन, आणि त्या प्रत्येक पान वाचेपर्यंत कपाट दारातून आत येऊ देणार नाही. उठवून दाखवा म्हणावं मला.

त्या तक्त्यात तुझा कॉलम मी आज परत घातलाय. तो रिकामा असेल तर आता एकही चौकट हिरवी होत नाही. बटण दाबून पाहिलं मगाशी. पूर्ण चौथी क्षणात पांढरी झाली, वहिनी. कितीतरी वेळ बघवेना.

पहिली काजल. तिला 'का' सांगता येईपर्यंत मी त्या चटईवरून उठणार नाही, हा माझा शब्द.

तुझ्याहून जास्त शिकलेली, आणि वाचायला आत्ता कुठे लागलेली,
तुझी नणंद
विजू