निळं पुस्तक माझ्याकडेच

६ जानेवारी
संकल्प: ३१ मार्चच्या आत प्रबंध सादर. मुदतवाढ दोनदा घेऊन झाली. ही हुकली की नोंदणी रद्द. पण चपलांचं दुकान शून्यातून उभं केलेल्या माणसाला पीएच.डी. कोण लागून गेली? विषय हातातलाच: गिऱ्हाईक दुकानात का शिरतं.

१० जानेवारी
विद्यापीठाच्या ग्रंथालयात माझ्या विषयावरचं निळं, जाडजूड पुस्तक मिळालं. एकच प्रत. लगेच उचललं. धंद्याचा नियम: माल आपल्या गोदामात, तर बाजार आपल्या मुठीत. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, संशोधकांसाठी शिबिर आहे, संदर्भ कसे शोधायचे ते शिकवतो, येता का? म्हटलं, बाई, मी आयुष्यभर माणसं वाचली. म्हणाल्या, शिबिर पुस्तकं वाचणाऱ्यांसाठी आहे. बाई हुशार आहेत.

२ फेब्रुवारी
तिसरं प्रकरण गाईडकडे दिलं. गाईड पुतण्याच्या वयाचा. मी त्याला सर म्हणतो, तो मला काका. प्रकरणात माझा स्वतःचा सिद्धांत आहे: गिऱ्हाईक आधी भाव बघत नाही, दुकानदाराचा चेहरा बघतं. खाली निळ्या पुस्तकाचा दाखला ठोकून दिला. पुस्तक अजून उघडलं नाही, पण नाव वजनदार आहे.

१२ फेब्रुवारी
ग्रंथालयाचा मेसेज: या पुस्तकाला दुसऱ्याची मागणी आहे, परत करा. म्हणजे स्पर्धक! कोण, ते बाई सांगत नाहीत. नियम आहे म्हणे. पण माझे कान तिखट. काउंटरपाशी पेपर चाळत उभा राहिलो. बाई फोनवर म्हणत होत्या, तुमचं काम अडलंय ते कळतंय हो, पण ते गृहस्थ पुस्तक सोडतच नाहीत. अडलंय! आनंदाने एका जागी बसवेना.

१९ फेब्रुवारी
बाई म्हणाल्या, निदान तासभर आणून द्या, लागतील तेवढी पानं त्यांना स्कॅन करून देते. म्हटलं, बघतो. बघतो म्हणजे नाही, हे दुकानदाराला शिकवावं लागत नाही. विद्यापीठाचं रँकिंग घसरतंय, पूर्ण झालेले प्रबंध मोजले जातात, एकेक मोलाचा, असंही सांगत होत्या. म्हटलं, निश्चिंत राहा, माझा येतोच आहे.
घरी बायको म्हणाली, अहो, त्या पुस्तकावर लॅपटॉप ठेवता, कधी उलटंही करून बघा, लॅपटॉपवर पुस्तक. दुर्लक्ष केलं.

५ मार्च
प्रकरण अजून परत नाही. तरुण पिढी आळशी. फोन केला तर गाईड म्हणतो, काका, तुमचा एक दाखला ताडून बघायचाय, पुस्तकच मिळत नाहीये. म्हटलं, सर, चिकाटी ठेवा. अशा मुलांना उत्तेजन द्यावं लागतं.

१८ मार्च
पाय ठरत नाही. दुकानातून घरी, घरातून दुकानात. आज एका गिऱ्हाईकाच्या दोन्ही पायांत डावेच बूट चढवले. तो चालून बघत राहिला, मी सुंदर म्हणत राहिलो. बायको म्हणते, मुलीच्या लग्नातही इतक्या येरझाऱ्या घातल्या नव्हत्या.

२६ मार्च
गाईडच्या खोलीवर धडकलो. छाप पडावी म्हणून निळं पुस्तक काखेत. तो पुस्तकाकडे बघतच राहिला. म्हणाला, काका, हे तुमच्याकडे? म्हटलं, जानेवारीपासून! कुणाच्या हाती लागू दिलं नाही. त्याने ते माझ्या काखेतून काढून घेतलं. मग म्हणाला, मागणी माझी होती. तुमचंच प्रकरण तपासायला.
त्याने तिथेच पुस्तक उघडलं. दुसऱ्याच प्रकरणात माझा सिद्धांत सापडला. शंभर दुकानांत तपासून खोटा ठरवलेला. म्हणाला, सगळं पुन्हा लिहावं लागेल, काका. मुदतीत बसत नाही. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं.

३१ मार्च
दुकान बंद ठेवलं. बायकोने चहा दोनदा दिला.

९ एप्रिल
नव्याने नोंदणी करणार. आता आधी निळं पुस्तक, पानन् पान. ग्रंथालयात गेलो. गाईडने काम होताच परत केलंय, पण लगेच कुणीतरी नेलं. कोण, ते बाई सांगत नाहीत. मागणी नोंदवली, शिबिरातही नाव घातलं. म्हटलं, बाई, त्यांना सांगा ना, निदान तासभर आणून द्या म्हणावं.
बाई म्हणाल्या, बघते.