अण्णांच्या गाडीचं घट्ट पेडल

तीर्थस्वरूप तात्यासाहेब मामांना सुदर्शनचा साष्टांग नमस्कार. पिशोरला सगळे खुशाल असतील. तुमच्या गुडघ्यानं मामींना जगू दिलं असेल तर त्याही खुशाल असतील. इकडे आम्ही बरे आहोत, म्हणजे घरातलं माणूस गेल्यावर बाकीचे जितके बरे असतात तितके.

अण्णांचं वर्षश्राद्ध पैठणला करायचं ठरलं आणि आईनं अट घातली, जायचं ते अण्णांच्या अँबॅसिडरमधूनच. अण्णा दवाखान्यात गेल्यापासून ती शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी. मी बॅटरी बदलली, आईला मागं बसवलं, गल्लीच्या वळणावर ब्रेक दाबला, तर पेडल म्हणजे दगड. दोन्ही पाय देऊन अक्षरशः उभा राहिलो (सीटची पाठ मोडली, ते वेगळंच), तेव्हा गाडी शेजारच्या बांधकामाच्या वाळूत जाऊन मुकाट थांबली. आई मागून शांतपणे म्हणाली की अण्णांच्या हातात ती असं कधी करत नव्हती. मामा, आपटल्यापेक्षा तेच जास्त लागलं.

फारूखभाई मेकॅनिक तुम्हाला आठवत असेल. अण्णांशी भांडल्याशिवाय तो या गाडीला हात लावत नसे. आता भांडायला कोणी नाही, म्हणून त्याचंही डोकं चालेना. त्यानं ब्रेक ऑइल बदललं, चारही चाकं खोलून पुन्हा बसवली. गल्लीतल्या प्रत्येकानं पेडल दाबून आपापलं निदान सांगितलं (पुंडलिकराव तर चप्पल काढून, पेडलला नमस्कार करून बसले). शेवटी फारूखभाईनं इंजिन बंद ठेवून पेडल पुन्हा पुन्हा दाबलं, पाय तसाच ठेवला आणि मग गाडी चालू केली. म्हणाला, आता पेडल थोडं खाली जायला पाहिजे, जात नाही. म्हणजे ब्रेकला जोर देणारा जो गोल डबा असतो, त्यातली हवा इंजिनाला ओढता येत नाही. इंजिनापासून डब्यापर्यंतची रबरी नळी आम्ही चाचपत गेलो. मधोमध लाल धागा, वेढ्यावर वेढे, वर गाठ. जुनं रबर आवळून पार चपटं झालेलं. मी कात्री घेतली, तर फारूखभाईनं माझा हात धरला.

"मन्नत का धागा है भाई. कैंची नक्को लगाव. जिसने बांध्या, वोइच खोलेगा."

धागा आईचा होता. अण्णा दवाखान्यात सारखे म्हणायचे की घरी येईन तर माझ्याच गाडीतून, अँब्युलन्समधून नाही. तेव्हा तिनं दर्ग्यातून धागा आणला, आणि दसऱ्याला अण्णा बॉनेट उघडून जिथं कुंकू लावत, तिथं हाताला आली ती नळी जीव खाऊन बांधली. अण्णा कशातून घरी आले ते तुम्ही पाहिलंच, खांदा तुम्हीच दिलात. मी आईला म्हटलं, आता सोड तो धागा.

"पावला असता तं कवाच सोडला असता," ती म्हणाली. "न पावलेला नवस कसा सोडायचा, ते कोणी सांगितलंच नाय मला."

मी बॉनेटवर डोकं टेकून रडलो. फारूखभाई उगाच पाने शोधत बसला.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
सुदर्शन

ता. क. पत्राचं खरं कारण असं की तुम्ही या. आई लहानपणापासून तुमचं ऐकत नाही असं तुम्ही सांगता, पण माझ्यापेक्षा जास्त ऐकते. तेवढी गाठ तिला सोडायला लावा.

पुन्हा ता. क. वरचं राहू द्या. फारूखभाईनं नवी नळी बसवली आणि जुनी गाठीसकट आईच्या हातात ठेवली (हे त्याला चाकं खोलायच्या आधी सुचतं तर). ब्रेक आता हलक्या पायानं लागतो. ती नळी पुढच्या सीटवर, माझ्याशेजारी बसून पैठणला येणार आहे. तिथं गोदावरीत सोडायची का, असं मी विचारलं. आई म्हणाली, "नाय. परत आणायची. त्यांला त्यांच्या गाडीतून घरी आणायचं राह्यलंय." तेव्हा मामा, तुम्ही पैठणला येऊ नका. मामींना घेऊन इथं घरीच थांबा. आम्ही परत येऊ तेव्हा दार उघडायला आणि भाकरतुकडा ओवाळून टाकायला घरात मोठं माणूस पाहिजे. गाठ आई दारातच सोडणार आहे.